ओठाशी उकळणारे भांडे

एखाद्या वस्तूवर बंदी घातली की ती वस्तू नाहीशी होते की नाही, यावर वाद घालता येईल. पण त्या वस्तूबद्दलचे शहाणपण मात्र हमखास नाहीसे होते. विकणारा गप्प बसतो, वापरणारा लपवतो, डॉक्टर विचारत नाहीत आणि वडीलधाऱ्यांना तर ती वस्तू समोर ठेवली तरी ओळखता येत नाही. ई-सिगरेटचे, म्हणजे ज्याला आजची मुले 'व्हेप' म्हणतात त्याचे, आपल्याकडे असे झाले आहे. भारतात तिच्या विक्रीवर २०१९पासून बंदी आहे, आणि मी ती उठवा म्हणून हा लेख लिहीत नाही. पण लेस्टर, मँचेस्टर, ऑकलंड अशा ठिकाणी आपली हजारो मुले-मुली राहतात. तिथे ही वस्तू वाण्याच्या दुकानात मिळते आणि त्यांच्यातले काहीजण ती वापरतात. त्यांच्याशी बोलायला आपल्याजवळ दोनच वाक्ये असतात. 'ते सिगरेटपेक्षा बरे म्हणे' हे एक आणि 'ते सिगरेटपेक्षा वाईट म्हणे' हे दुसरे. दोन्ही वाक्यांच्या शेवटी 'म्हणे' आहे, हे लक्षात घ्या.

या उपकरणाच्या दोन तक्रारी जगभर सारख्या आहेत. पहिली, त्याच्या पोटात नको तिथे द्राव साचतो आणि झुरका घेतला की गुडगुड आवाज येतो. इंग्रजीत याला फ्लडिंग म्हणतात, मी 'तुंबणे' म्हणतो. दुसरी, वाफेबरोबर गरम द्रावाचे थेंब उडून जिभेला, ओठाला चटका देतात. हे स्पिटबॅक, म्हणजे आपल्या भाषेत 'थुंकणे'. रविवारी सकाळी चहाच्या कपाबरोबर वाचायला हा विषय फारसा सोज्ज्वळ नाही, हे मला मान्य आहे. तरीही तो घेतला, कारण या दोन क्षुल्लक वाटणाऱ्या तक्रारींवर एखाद्या माणसाची सिगरेट सुटणे किंवा न सुटणे अवलंबून असू शकते. आणि माझ्या पिढीने तर या तक्रारी ओळखायलाच हव्यात. आपण स्टोव्हवर वाढलेली माणसे आहोत.

लेकीकडे लेस्टरला तीन महिने होतो. आमचे जावई अठरा वर्षे सिगरेट ओढत. दिवसाला वीस. नातू झाल्यावर त्यांनी ती सोडायचे ठरवले आणि हे उपकरण घेतले. एका शनिवारी ते परसात उभे राहून वैतागलेले दिसले. उपकरण गुडगुडत होते आणि मध्येच ताडकन उडत होते. "बाबा, हे असंच चालणार असेल तर एक पाकीट आणलेलं काय वाईट?" असे ते म्हणाले. थट्टेत म्हणाले, पण नजर कोपऱ्यावरच्या दुकानाकडे होती. मी ते यंत्र मागून घेतले, उलगडून पाहिले आणि म्हणालो, "जावईबापू, हा तर आमचा प्रायमस आहे."

हे विधान थोडे समजावून सांगायला हवे.

स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने १८९२ साली प्रायमस स्टोव्ह बाजारात आणला. पुढची पाऊणशे-ऐंशी वर्षे त्याने आपल्या स्वयंपाकघरांवर राज्य केले. त्यातली मूळ कल्पना अशी की रॉकेल द्रवरूपात जाळायचेच नाही. आधी त्याची वाफ करायची आणि वाफ जाळायची. त्यासाठी बर्नर आधी तापवावा लागे. काकडा पेटवून तो बर्नरला लावायचा, बर्नर तापला की मग पंप मारायचा. कोणी घाई करून थंड बर्नरवर पंप मारला, तर वाफेऐवजी रॉकेलच वर यायचे, फुरफुरायचे, थुंकायचे आणि पिवळा भडका उडायचा. आया ओरडायच्या, "अरे, तापू दे की आधी!" त्या एका ओरडण्यात या लेखातले निम्मे विज्ञान आहे. द्रव जितक्या वेगाने येतो, तितक्या वेगाने त्याची वाफ करण्याइतकी उष्णता नसेल, तर उरलेला द्रव द्रवच राहतो आणि तो कुठेतरी बाहेर पडतो.

ई-सिगरेटमध्ये जाळणे नाही, एवढाच फरक. टाकीत द्राव असतो. तो मुख्यतः दोन पदार्थांचा बनतो, प्रॉपिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. त्यात निकोटीन आणि स्वाद मिसळलेले असतात. पहिला पदार्थ पातळ, १८८ अंश सेल्सिअसला उकळणारा. दुसरा मधासारखा दाट, २९० अंशांच्या आसपास उकळणारा. टाकीच्या मध्यभागी एक बारीक धुरांडे आणि त्याच्या तळाशी तारेचे वेटोळे किंवा जाळी, म्हणजे कॉइल. तिच्याभोवती कापूस. कापूस बाजूच्या भोकांतून द्राव शोषतो, बॅटरी तार तापवते, द्रावाची वाफ होते आणि ओढणारा ती ओढून घेतो. समईतही वात तेल वर ओढते आणि टोकाला ते खर्ची पडते. इथे तेच घडते, फक्त ज्योतीशिवाय. ही कल्पना फार नवीही नाही. पेनसिल्व्हानियाच्या हर्बर्ट गिल्बर्टने धूरविरहित सिगरेटसाठी १९६३ साली अर्ज केला आणि १९६५ साली त्याला पेटंट मिळाले. पण ती बाजारात रुजली नाही. आजच्या यंत्राचे जनकत्व चीनमधले औषधशास्त्रज्ञ होन लिक यांच्याकडे जाते. त्यांनी २००३ साली आपल्या यंत्राचे पेटंट नोंदवले.

मी अडतीस वर्षे बँकेत काढली. त्यामुळे मला हे यंत्र वेगळ्या भाषेत लगेच कळले. कापसातून येणारा द्राव म्हणजे ठेवी आणि वाफ होऊन जाणारा द्राव म्हणजे कर्जे. ठेवी येताहेत पण कर्जे जात नाहीत, अशी शाखा तुंबते. कर्जे भरमसाट आणि ठेवी आटलेल्या, अशी शाखा करपते. बँकेत ज्याला क्रेडिट-डिपॉझिट रेशो म्हणतात, त्यावरच हे नळकांडे चालते. तुंबणे आणि थुंकणे हे पहिल्या प्रकारचे आजार आहेत. दुसऱ्या प्रकारचा आजार म्हणजे कोरडा, करपट झुरका. तो या दोघांपेक्षा वाईट, हे मी पुढे सांगणार आहे.

*

आधी तुंबण्याची कारणे. ती मी क्रमाने सांगतो, कारण बहुतेक लोक शेवटच्या कारणापासून सुरुवात करतात आणि नवीन यंत्र विकत आणतात.

सर्वांत मोठे कारण म्हणजे ओढण्याची पद्धत. सिगरेट ओढणारा माणूस जोर लावून ओढतो, कारण तंबाखूच्या गच्च भरलेल्या नळीतून हवा खेचायची असते. इथे तसा जोर लावला की हवेबरोबर टाकीतला द्रावही कॉइलमध्ये खेचला जातो. स्ट्रॉने नारळपाणी प्यावे तसे हे ओढायचे नसते. सावकाश, लांब आणि हलके ओढायचे. अठरा वर्षांची सवय असलेल्या फुप्फुसाला हे शिकवायला चार दिवस लागतात.

दुसरे कारण ताकद कमी असणे. कॉइलवर वॅटचा आकडा छापलेला असतो, किमान किती आणि कमाल किती. बॅटरी वाचवण्यासाठी माणूस किमानच्याही खाली चालवतो. मग तार कोमट राहते आणि द्राव येतच राहतो. थंड बर्नरवर पंप मारला, तोच प्रकार.

तिसरे कारण द्राव आणि कॉइल यांचा विजोड. कमी रोधाच्या, जास्त वॅटच्या कॉइलना मोठी भोके असतात. त्या दाट द्रावासाठी, म्हणजे ज्यात ग्लिसरीन ७० टक्के किंवा अधिक आहे अशासाठी, केलेल्या असतात. त्यांत निम्मे-निम्मे प्रमाण असलेला पातळ द्राव घातला तर तो भोकांतून सरळ वाहतो. उलट बारीक भोकांच्या कॉइलमध्ये दाट द्राव घातला तर कापूस उपाशी राहतो. उन्हात गाडीत ठेवलेले यंत्र गळते त्याचेही कारण हेच. उष्णतेने द्राव पातळ होतो.

चौथे कारण भरण्यातली घाई. द्राव कडेच्या जागेत भरायचा असतो. मधल्या धुरांड्यात चार थेंब पडले तरी ते थेट कॉइलवर साचतात. टाकी काठोकाठ भरायची नाही, वर थोडी हवेची जागा ठेवायची. टाकीत द्राव धरून ठेवणारी शक्ती म्हणजे ही वरची जागा. पाण्याने भरलेला पेला कागद लावून उलटा धरला तरी पाणी पडत नाही, हा शाळेतला प्रयोग आठवा. बाहेरच्या हवेचा दाब आणि आतला किंचित कमी दाब यांच्या तोलावर द्राव तरलेला असतो. झाकण उघडताच हा तोल जातो. म्हणून भरताना हवेचे भोक बंद करता येत असेल तर करावे, झाकण लावून यंत्र क्षणभर उलटे धरावे आणि मगच भोक उघडावे.

पाचवे कारण सील. रबराची बारीक कडी चिरलेली, दुमडलेली किंवा हरवलेली असते. नाहीतर कॉइल आट्यांवर तिरकी बसलेली असते. स्टोव्हचा वॉशर गेला की पंप फुसका होतो, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. इथे वॉशर गेला की हवा आत शिरते आणि द्राव बाहेर येतो.

सहावे कारण विमान. विमानाच्या आतला हवेचा दाब साधारणपणे सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा इतकाच ठेवलेला असतो. आपले कळसूबाई सुमारे ५,४०० फुटांचे. म्हणजे विमानात बसलेला माणूस हवेच्या हिशेबाने कळसूबाईच्याही वर असतो. टाकीतली हवा तिथे फुगते आणि द्रावाला कॉइलमध्ये ढकलते. म्हणून प्रवासाआधी टाकी रिकामी करावी. हे यंत्र सामानाच्या डब्यात कधीही टाकू नये. बॅटरीला आग लागण्याच्या भीतीने २०१५पासून आंतरराष्ट्रीय नियमच तसा आहे, ते हातसामानातच न्यावे लागते. आणि विमान भारतात येत असेल तर ते आणूच नये. आयातीवरही बंदी आहे. सुट्टीला येणाऱ्या मुलांना आईवडिलांनी लोणच्याच्या यादीबरोबर हेही कळवावे.

*

आता थुंकणे. हे बहुतेक वेळा तुंबण्याचेच अपत्य असते. फोडणीच्या कढल्यात ओली कढीपत्त्याची काडी टाकली की काय होते? पानावरचे पाणी तेलाखाली जाते, तिथे क्षणात वाफ होते आणि वाफ वरचे तेल घेऊन उडते. कॉइलवर द्रावाचे डबके साचले असेल तर तेच घडते. तारेला लागून असलेला थर उकळतो, बुडबुडा फुटतो आणि वरचा अजून न उकळलेला थर थेंबाथेंबाने धुरांड्यातून थेट जिभेवर येतो. तो थेंब गरम असतो, तिखट लागतो आणि त्यात निकोटीन असते. थुंकून टाकावा, चूळ भरावी. घोट गिळू नये.

थोडा तडतड आवाज हा आजार नाही. वाफ होताना आवाज येणारच. तव्यावर घावन टाकले की चुर्र होते, म्हणून कोणी गॅस बंद करत नाही. आवाज आहे पण थेंब येत नाहीत, तर यंत्र ठीक आहे. धुरांड्याच्या आत वाफ थंड होऊन थोडा ओलावा साचतो, तोही नैसर्गिक. तो दिवसातून एकदा कागदाच्या वळकटीने पुसला की पुरते.

उपाय सांगतो. यंत्र बंद करून टाकी बॅटरीपासून वेगळी करावी. ओठाला लावायच्या नळीवर कागदी रुमाल गुंडाळून टाकी खाली झटकावी, थर्मामीटर झटकतात तशी. मग खालच्या बाजूने हळू फुंकर मारून साचलेला द्राव रुमालात उतरवावा. जोडणीच्या जागेवरचा ओलावा कोरड्या कापडाने पुसावा, कारण तिथे द्राव राहिला तर वीज भलतीकडे जाते. सगळे पुन्हा जोडून तोंडाला न लावता दोन-तीनदा क्षणभर बटण दाबावे आणि चेहरा दूर ठेवावा. डबके उडून जाईल. मग सावकाश ओढून पाहावे. यानंतर वॅटचा आकडा छापलेल्या मर्यादेत आहे का, ते बघावे. इतके करूनही तासाभरात पुन्हा गुडगुड सुरू झाली तर कॉइल बदलावी. गोड स्वादाच्या द्रावाने कॉइलवर काळी साय धरते आणि एक-दोन आठवड्यांत ती निकामी होते. नवीन कॉइलच्या कापसावर आधी दोन-चार थेंब सोडायचे असतात, आंघोळ घालायची नसते. टाकी भरून दहा मिनिटे थांबावे. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण निकोटीन त्वचेतूनही आत जाते. आणि द्रावाची बाटली लहान मुलाच्या हाती लागू देऊ नये. फळांच्या वासाची ती रंगीत बाटली पोरांच्या दृष्टीने सरबत असते आणि पोटात गेली तर विष असते.

ज्या यंत्राला बटण नाही, ओढले की आपोआप तापते, त्यात द्राव संवेदकापर्यंत पोहोचला तर यंत्र कोणी न ओढताच तापू लागते. असे झाले की दुरुस्तीच्या फंदात न पडता ते बाजूला, पेट घेणार नाही अशा जागी ठेवावे.

आता ती दुसरी बाजू. गुडगुडीला कंटाळून माणूस वॅट वाढवतो. डबके जाते खरे, पण तेवढ्यावर तो थांबत नाही. ठेवी न पाहता कर्जे वाटणाऱ्या मॅनेजरसारखा तो वाढवतच राहतो. कापूस कोरडा पडतो, करपतो आणि ग्लिसरीन वाजवीपेक्षा जास्त तापले की त्याचे विघटन होऊन अ‍ॅक्रोलिन आणि फॉर्माल्डिहाइडसारखी घातक द्रव्ये तयार होतात. तेल करपल्यावर स्वयंपाकघरात डोळे चुरचुरतात ना, त्यात अ‍ॅक्रोलिन असते. तुंबलेले यंत्र त्रास देते, कोरडे यंत्र इजा करते. करपट चव आली की तो झुरका शेवटचा, हा नियम सोडू नये.

*

इथवर वाचून कोणी म्हणेल, एवढी उठाठेव कशाला? सरळ सोडून द्यावे की! बरोबर आहे. ज्याला सरळ सोडता येते त्याने सरळच सोडावे, आणि ज्याने कधी ओढलेच नाही त्याने या नळकांड्याकडे बघूही नये. पण सरळ सुटत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. १९८०च्या दशकात मी निपाणी भागातल्या एका शाखेत होतो. तंबाखूच्या पिकासाठी कर्जे मंजूर करणे हे आमचे रोजचे काम. शाखेत प्रत्येक टेबलावर रक्षापात्र असे. आमचे हेड कॅशिअर नोटा मोजताना सिगरेट ओठांत धरत आणि राख कधी नोटेवर पडू देत नसत, याचे आम्हाला कौतुक होते. त्यांनी सात वेळा सिगरेट सोडली. आकडा त्यांचाच, माणूस हिशेबाचा होता. सातही वेळा पुन्हा धरली ती एखाद्या फालतू क्षणी. एकदा कॅश जुळेना म्हणून, एकदा बस चुकली म्हणून. बावन्नाव्या वर्षी ते फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले.

व्यसन मोठ्या प्रसंगी परत येत नाही. ते अशा फालतू क्षणी परत येते. गुडगुडणारे, चटके देणारे यंत्र हा असाच एक क्षण आहे. परसात उभे असलेले आमचे जावई त्या दिवशी पाकिटापासून पन्नास पावलांवर होते.

इंग्लंडमध्ये झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. सिगरेट सोडू इच्छिणाऱ्या ८८६ जणांपैकी काहींना ई-सिगरेट दिली, बाकीच्यांना निकोटीनच्या पट्ट्या, गोळ्या वगैरे. दोन्ही गटांना समुपदेशन होते. वर्षाअखेर पहिल्या गटातले १८ टक्के सिगरेटपासून दूर होते, दुसऱ्यातले ९.९ टक्के. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचावा, जमाखर्च असाच वाचतात. जवळजवळ दुप्पट लोक सुटले, हे खरे. शंभरातले ब्याऐंशी सुटले नाहीत, हेही तितकेच खरे. शिवाय जे सुटले त्यांतले पुष्कळजण वर्षानंतरही ई-सिगरेट ओढतच होते. 'व्हेपिंग ९५ टक्के कमी हानिकारक' हा ब्रिटिश आरोग्य यंत्रणेचा २०१५चा आकडा जाहिरातींत मिरवतो, पण त्यावर तेव्हाच टीका झाली होती. तीस-चाळीस वर्षे वाफ ओढलेले फुप्फुस अजून कोणी तपासलेले नाही, कारण हे यंत्रच तेवढे जुने नाही. अमेरिकेत २०१९-२०मध्ये फुप्फुसाच्या एका विकाराने २,८०७ जण आजारी पडले आणि ६८ दगावले. त्यामागे मुख्यतः गांजातल्या मादक द्रव्याच्या काळ्या बाजारातल्या द्रावात मिसळलेले व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट होते, असे तपासात आढळले. यातून मी एकच धडा घेतो. द्रवात काय आहे हे माहीत नसेल तर तो ओढू नये.

*

माझा खरा राग आहे तो वापरून फेकायच्या रंगीत नळकांड्यांवर. त्यात कॉइल बदलता येत नाही, द्राव भरता येत नाही, बॅटरी काढता येत नाही. ते तुंबले तर फेका, थुंकले तर फेका, संपले तर फेका. ज्या वस्तूची दुरुस्ती करता येत नाही, ती वस्तू कशी चालते हे माणसाला कधीच कळत नाही. आणि जे कळत नाही त्याचे भयही वाटत नाही. माझ्या आईला स्टोव्हची भीती होती, कारण तिला स्टोव्ह समजलेला होता. पिन कधी मारायची, किल्ली कधी सोडायची हे तिला ठाऊक होते. आंब्याच्या वासाची गुलाबी कांडी हातात असलेल्या पंधरा वर्षांच्या पोराला आपल्या ओठाशी एक भांडे उकळते आहे, याची कल्पनाही नसते. ब्रिटनने १ जून २०२५पासून अशा एकवेळच्या यंत्रांच्या विक्रीवर बंदी घातली. तोपर्यंत तिथे दर आठवड्याला सुमारे पन्नास लाख नळकांडी कचऱ्यात जात होती, आणि प्रत्येकात लिथियमची बॅटरी. हा निर्णय मला योग्य वाटतो. उशिरा झाला, एवढेच.

आता आपल्या घराकडे. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने वटहुकमाची घोषणा केली आणि त्याच डिसेंबरात कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात यांसाठी पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मुलांना एका नव्या व्यसनापासून वाचवण्याचा हेतू चांगला होता, आणि या देशात निकोटीनचे नवे दुकान नको, हे मलाही पटते. पण खतावणीचे दुसरे पान उघडा. २०१६-१७च्या सरकारी पाहणीनुसार देशातले २८.६ टक्के प्रौढ, म्हणजे जवळपास २७ कोटी माणसे, कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू सेवन करत होती. बिडी, सिगरेट आणि तंबाखूची पुडी आजही कोपऱ्यावरच्या टपरीत मिळते. ज्या वस्तूने माणसे मरतात हे पूर्ण सिद्ध झाले आहे ती परवान्यासह विकली जाते आणि जिच्याबद्दल अजून वाद आहे तिच्यावर बंदी आहे. बँकेच्या लेखापरीक्षकाने अशा ताळेबंदावर सही केली नसती. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे आणि गुटखा कुठे मिळतो हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते.

म्हणून माझे म्हणणे थोडके आहे. ई-सिगरेटवरची बंदी राहू द्या, पण तेवढीच करडी नजर बिडी-सिगरेटवर वळवा. सोलापूरसारख्या गावात बिड्या वळून पोट भरणाऱ्या बायकांना दुसरे काम द्या आणि मग वळवा, पण वळवा. सोडू पाहणाऱ्याला मदत द्या. १८००-११-२३५६ हा तंबाखूमुक्तीचा मोफत सरकारी दूरध्वनी आहे. तो जितक्या लोकांना ठाऊक असायला हवा तितक्यांना नाही. प्रत्येक बँकेच्या, एसटी स्थानकाच्या, पतपेढीच्या भिंतीवर तो लिहायला किती रंग लागतो?

आणि परदेशातल्या मुलांशी बोला. ओरडू नका, विचारा. कोणता द्राव, किती निकोटीन, कॉइल कधी बदललीस, रात्री उशाशी ठेवून चार्ज करतोस का. ब्रिटनमध्ये २०१६च्या नियमांनी निकोटीन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर जाऊ दिलेले नाही. मग सहा महिन्यांनी विचारा, वीसचे दहा झाले का? पुढे विचारा, दहाचे तीन झाले का? कर्ज फेडणाऱ्याला विचारतात तसे, हप्ता किती राहिला एवढेच. कारण हे यंत्र कितीही नीट चालले तरी ते मुक्कामाचे ठिकाण नाही, कर्जाचे खाते आहे. न तुंबता, न थुंकता, न करपता ते चालवायचे ते एवढ्यासाठीच की एक दिवस खाते बंद करता यावे.